ब्रेकडाऊनची जुनी क्रेन, टूल व्हॅन, जॅक… हे कुणी कुठे जपून ठेवलंय का?

लोकोलाईनचा_नातू
नमस्कार मंडळी. आजोबा (आईचे वडील) सोलापूरला रेल्वेच्या ब्रेकडाऊन गँगमध्ये होते, म्हणजे घसरलेले डबे परत रुळावर घेणाऱ्या टोळीत. खलाशी (म्हणजे मदतनीस) म्हणून लागले, क्रेन ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. आता मामाचं रामवाडीतलं घर पाडून नवीन बांधायचं चाललंय त्यामुळे माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली. आत एक वही आहे, पेन्सिलीने काढलेली चित्रं, डबे कसे पडले होते, क्रेन कुठे उभी केली, पॅकिंग कुठे लावलं वगैरे. एक छापील कार्ड, त्यावर किती लांब किती टन असा तक्ता. क्रेनसमोर बसलेल्या गँगचा ग्रुप फोटो. तीन रंगी काचांचा हातदिवा. आणि एक अवाढव्य पाना.

दोन प्रश्न. एक, ही जुनी वाफेची क्रेन आणि तिच्यासोबतची गाडी कुणी नीट जपलीय का? म्युझियमला गेलं की इंजिन, सलून (साहेबांचा खास डबा), महाराजांचा डबा हेच दाखवतात. घसरलेली गाडी परत रुळावर कुणी ठेवायचं त्याचं काहीच नाही. दुसरा, या पेटीचं काय करू? मामा म्हणतो तुला पायजे तर ने, नायतर भंगारवाला बोलावतो.

भोंगा_ऐकलेला
मामाला आधी थांबवा!

आम्ही सोलापुरात मोदी भागात राहायचो. लहानपणी दोन प्रकारचे भोंगे, एक जुन्या मिलचा आणि एक लोकोचा, म्हणजे इंजिनांच्या शेडचा. मिलचा ऐकून घड्याळ लावायचं. लोकोचा अवेळी वाजला की अख्खी चाळ गप्प होऊन मोजायची. तीन लांब म्हणजे बाहेर कुठेतरी अपघात पण मेन लाईन मोकळी. चार लांब म्हणजे मेन लाईन बंद. आणि चारानंतर एक आखूड आला की बायका देवापुढे दिवा लावायच्या, कारण तो आखूड म्हणजे डॉक्टरची गाडी पण पायजे. दोनच वाजले तर शेड नायतर यार्डातच काहीतरी झालंय, मग पोरं बघायला पळायची. एकच लांब वाजला की रद्द, झोपा परत.

उगाच_आपलं
मामाचा नंबर द्या, पाना मी घेतो. बुलेटचं चाक निघंना झालंय 😀

जुना_सीअँडडब्लू
नातवा, वही कुणाला देऊ नको आत्ताच. मी कॅरेज अँड वॅगनमधून रिटायर झालो, ब्रेकडाऊनला बरीच वर्षं होतो. आधी गाडी म्हणजे काय काय असायचं ते सांगतो, मग तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

लोक म्हणतात क्रेन, पण क्रेन एकटी कधीच जात नाही. तिच्या पुढे एक सपाट वॅगन असते, क्रेनचा जिब म्हणजे तो लांब हात चालताना त्या वॅगनवर आडवा टेकलेला असतो. मग टूल व्हॅन. त्यात जॅक, साखळ्या, वायर रोप, शॅकल, कटिंगचं सामान, री-रेलिंगचे म्हणजे चाक परत रुळावर चढवायचे रॅम्प. मग लाकडी स्लीपर आणि ठोकळ्यांनी भरलेली पॅकिंगची वॅगन, जादा चाकं आणि बोगी (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) घेतलेली वॅगन, आणि माणसांचा डबा, त्यातच चूल. वाफेच्या क्रेनला कोळसा आणि पाणी वेगळं.

वाफेच्या क्रेनचा बॉयलर मागच्या टोकाला उभा असायचा. जागा वाचते आणि त्याचं वजन मागून तोल धरायला कामी येतं. थंड बॉयलर पेटवून वाफ चढायला काही तास जातात, म्हणून आग दाबून जिवंत ठेवायची, त्यासाठी वेगळा माणूस. जागेवर गेल्यावर स्वतःच्या वाफेवर क्रेन हळूहळू मागेपुढे चालायची, पण गाडीला जोडून नेताना तो गिअर सोडवून ठेवायचा. तो सोडवायला विसरलं तर काय होतं ते विचारू नका.

आणि उचलण्याआधी निम्मं काम खाली असतं. बाजूचे गर्डर ओढून बाहेर काढायचे, त्यांच्याखाली लाकडाचं पॅकिंग रचायचं, रुळाला क्लॅम्प मारायचे. पॅकिंग कच्चं बसलं तर उचलणारीच आडवी. तुझ्या आजोबांनी वहीत पॅकिंग काढून ठेवलंय म्हणजे माणूस पक्का होता.

कंपन्या म्हणशील तर आपल्याकडे बहुतेक इंग्लंडच्या. कार्लाइलची कॉवन्स शेल्डन, इप्सविचची रॅन्सम्स अँड रेपियर, मँचेस्टरची क्रेव्हन ब्रदर्स. नंतर १४० टनी डिझेल हायड्रॉलिक आल्या, जर्मनीच्या गॉटवाल्डच्या डिझाइनच्या, त्या जमालपूरच्या वर्कशॉपने इथेच बनवल्या. तेच जमालपूर, १८६२ चं. त्या आल्यावर वाफेवाल्या मागे पडल्या.

होटगी_जंक्शन
काका एक डाऊट. जुन्या क्रेन ६५ नायतर ७५ टनाच्या. डिझेल इंजिन डब्लूडीएम-२ चं वजनच ११२.८ टन. मग ते उचलायचं कसं?

जुना_सीअँडडब्लू
@होटगी_जंक्शन दोन क्रेन आणायच्या, दोन टोकांना एकेक. नायतर एकच टोक उचलून बोगी खाली सरकवायची, मग दुसरं टोक. पूर्ण इंजिन हवेत धरायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही.

आणि ७५ टन हा आकडा जिब जवळ घेतल्यावरचा. भरलेली घागर कमरेला धरली तर वाटेल तेवढं चालता, तीच हात लांब करून धरा बघू. जिब जितका लांब तितके टन कमी. नातवाकडे जे कार्ड आहे ते तेच आहे, लोड आणि रेडियसचा तक्ता. क्रेनच्या केबिनमध्ये लावलेला असायचा. त्याच्यावर क्रेनचा नंबर असेल तर ते कार्ड पान्यापेक्षा हजारपट मोलाचं.

वाचनालयात_बसलेला
रॅन्सम्स अँड रेपियरवरून एक गंमत. क्रेन एवढी जड की साध्या पुलावरून न्यायची पंचाईत, चाकांवर भार फार. तर त्यांच्या विल्फ्रेड स्टोक्सने युक्ती काढली की क्रेनच्या दोन्ही बाजूंना सुट्या बोगी जोडायच्या, प्रवासात थोडा भार त्या घेतील, जागेवर पोचल्यावर त्या सोडून बाजूला ठेवायच्या. रिलीव्हिंग बोगी म्हणतात त्यांना. हाच स्टोक्स पुढे पहिल्या महायुद्धात १९१५ ला खंदकातल्या लढाईची उखळी तोफ काढणारा. स्टोक्स मॉर्टर त्याच्याच नावाचं.

उगाच_आपलं
म्हणजे आधी उचलायचं मशिन काढलं, मग पाडायचं. धंदा बरोबर कळला होता बे त्याला.

स्पष्टच_बोलतो
सगळं वाचलं. छान आहे, पण मला एक सांगा ही भंगार जपायची हौस कशाला? शंभर टनाचं लोखंड कुठल्यातरी स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवायचं, रंग मारायचा, पुढाऱ्याने फीत कापायची, दोन पावसाळ्यात गंज, त्यात कुत्री झोपतात. त्यापेक्षा लिलाव करा आणि त्या पैशात नवीन साहित्य घ्या. आज हायड्रॉलिक री-रेलिंगच्या सामानाने चार-पाच माणसं डबा रुळावर घेतात. जखमी माणसाला १९३० ची क्रेन काय कामाची?

रेल्वे_क्वार्टर्सची
@स्पष्टच_बोलतो दादा, जखमी माणसाला जुनी क्रेन द्या असं धाग्यात कुणीच म्हटलेलं नाही.

माझे वडील त्याच गँगमध्ये. भोंगा वाजायच्या आधीच कधीकधी कॉलबॉय (ड्युटीला बोलवायला येणारा) दारात उभा, सायकल भिंतीला टेकवून. नियम असा की मेडिकलची गाडी १५ मिनिटांत निघाली पायजे आणि ब्रेकडाऊनची दिवसा अर्ध्या तासात, रात्री ४५ मिनिटांत. म्हणून या लोकांना क्वार्टर शेडच्या जवळ आणि परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. गड्ड्याची जत्रा असो, घरात लग्न असो. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी कायम फडक्यात बांधून ठेवायची, खराब होत नाही म्हणून. वडील परत कधी येणार ते कुणीच सांगू शकायचं नाही. आले की आधी बाहेरच्या नळावर अंघोळ, मग आत. काय बघितलं ते घरात कधी बोलले नाहीत.

सलून जपलं तर त्यात साहेब कसा बसायचा ते कळतं. ही माणसं काय करायची हे कळायला नको का?

पंढरपूर_पॅसेंजर
+१ ताई

तिऱ्हाईत
शेंगाचटणीचा विषय निघालाच आहे तर नसलेंची चांगली की…

अॅडमिन_नाही_पण
@तिऱ्हाईत नको. मागच्या वेळी त्याच्यावरून एकशे चाळीस प्रतिसाद झाले होते आणि दोन आयडी उडाले.

जुना_सीअँडडब्लू
स्पष्टच_बोलतो यांचं एक मात्र मला पटतं. चौथऱ्यावर ठेवलेली क्रेन लवकर मरते. पावसाचं पाणी बॉयलरच्या जॅकेटमध्ये बसतं, जिब वर करून ठेवतात कारण फोटोत बरं दिसतं, मग सगळा भार वायर रोपवर वर्षानुवर्षं. जिब खाली टेकवूनच ठेवायला पायजे, आणि तो टेकवायला ती सपाट वॅगन पायजे. पण ती वॅगन आधीच लिलावात गेलेली असते कारण कागदावर ती वेगळी. पितळी नंबर प्लेट तर पहिल्या महिन्यातच गायब. एका वर्कशॉपात (नाव घेत नाही) मी स्वतः बघितलं, क्रेन ठेवली म्हणून सत्कार झाला आणि तिच्या साखळ्या, हुक, पॅकिंगचे गर्डर स्क्रॅपच्या ढिगात. मग राहिलं काय? उचलायचं कशाने?

अजून एक. या जुन्या बॉयलरभोवती उष्णता धरायला अॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असतं. हौशी पोरं ब्रश घेऊन साफ करायला जातात. अजिबात हात लावू नका, ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही. त्याला माणसं वेगळी, मास्क वेगळा.

शिकागोत_पण_सोलापूरचा
इकडचं सांगतो. अमेरिकेत या क्रेनला रेल्वेवाले बिग हुक म्हणायचे. मिशिगनमधल्या बे सिटीची इंडस्ट्रियल वर्क्स ही मोठी कंपनी, १९२७ ला क्लीव्हलँडच्या ब्राऊन होइस्टिंगशी एक होऊन इंडस्ट्रियल ब्राऊनहोइस्ट झाली. बुसायरसच्याही होत्या. २५० टनापर्यंत गेले हे लोक, कारण इंजिनंच तेवढी राक्षसी.

नंतर काय झालं की रेल्वे कंपन्यांनी हा खर्च डोक्यावरून काढला. वर्षभर गँग आणि गाडी पोसायची त्यापेक्षा बाहेरचे कंत्राटदार, ते ट्रकवरून साइडबूम ट्रॅक्टर घेऊन येतात, म्हणजे कॅटरपिलरच्या पट्ट्यांच्या ट्रॅक्टरला बाजूला बूम. रुळाच्या बाजूने शेतातून जाऊन दोन-चार ट्रॅक्टर मिळून डबा उचलतात. तिकडे रस्ते आणि मोकळी जागा असल्याने ते जमलं. मोठे हुक मग हळूहळू भंगारात, काही हौशी म्युझियमकडे.

पण माझ्यासाठी नवीन गोष्ट ही होती की त्या हुकसोबतचे डबे. रेल्वेने जुने लाकडी पॅसेंजर डबे प्रवाशांतून काढले की रेक ट्रेनला (तिकडची ब्रेकडाऊन गाडी) द्यायचे, झोपायला, स्वयंपाकाला, हत्यारं ठेवायला. बाकीचे त्या काळातले डबे तोडले, जाळले गेले. हे मात्र यार्डाच्या कोपऱ्यात अपघाताची वाट बघत टिकले. आज तिकडच्या म्युझियममध्ये जे चकाचक लाकडी डबे दिसतात त्यातले कितीतरी असेच वाचलेले, आतले ओटे आणि रॅक काढून परत बाकं बसवलेली.

वाचनालयात_बसलेला
@शिकागोत_पण_सोलापूरचा हे भारी आहे. आपल्याकडेही तेच, प्रवाशांतून काढलेले डबे टूल व्हॅन, कॅम्प कोच म्हणून फिरतात. म्हणजे कुणी न ठरवता ब्रेकडाऊन गाडीच म्युझियम झाली.

पण मग भांडण असं होतं बघा. तो डबा परत पॅसेंजर करायचा तर टूल व्हॅन म्हणून जगलेली वर्षं पुसायची. आतले जॅक ठेवायचे कप्पे, भिंतीवर रंगाने लिहिलेली हत्यारांची यादी, चुलीच्या धुराने काळं झालेलं छत. माझं मत, ते तसंच ठेवावं. पहिल्या वर्गाचे डबे शेकडो बघायला मिळतात.

शिकागोत_पण_सोलापूरचा
मान्य, पण तिकीट काढून येणारी पोरं गादीच्या बाकावर बसायला येतात, काळं छत बघायला नाही. म्युझियमला पैसे तिथूनच येतात. इंग्लंडमध्ये निदान ब्रेकडाऊन क्रेन असोसिएशन नावाची वेगळी संघटना आहे, फक्त याच क्रेनच्या नोंदी ठेवणारी. आणि तिकडच्या हौशी लाईनींवर जुन्या क्रेन नुसत्या उभ्या नाहीत, स्वतःच्या इंजिनांची कामं त्यांच्यावरच करतात.

कुर्डुवाडीचा
सगळे ब्रॉडगेजचंच बोलतायत म्हणून आमची बार्शी लाईट रेल्वे मध्ये घुसवतो 😄

१८९७ ला कॅलथ्रॉप साहेबाने कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली, अडीच फुटी. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर, कुठल्याही अॅक्सलवर ५ टनापेक्षा जास्त भार नको. त्यामुळे रूळ हलके, पूल हलके. आणि घसरली तर उचलायलाही हलकी! आमच्या घरातले वर्कशॉपचे लोक सांगायचे की जॅक, रॅम्प, पहार आणि शेजारच्या शेतातली माणसं एवढ्यावर डबा वर यायचा. रॅम्प म्हणजे रुळाला लावायचा लोखंडी उतार, चाक त्याच्यावर चढवून इंजिनने हळू ओढायचं, चाक आपोआप रुळावर येऊन बसतं. बसलं की गार्ड सगळ्यात आधी विडी पेटवायचा म्हणे.

वारीत गाडीच्या टपावर सुद्धा माणसं असायची. तेव्हा घसरली तर खाली उतरून तेच वारकरी विठ्ठल विठ्ठल करत डबा ढकलणार.

उगाच_आपलं
फुल सर्व्हिस. तिकीट पण त्यांचं, री-रेलिंग पण त्यांचं.

होटगी_जंक्शन
आमच्याकडे मीटरगेज होतं, होटगी-गदग. म्हणजे सोलापूरच्या पन्नास-साठ मैलांत तिन्ही गेज. ब्रेकडाऊनवाल्यांना तीन वेगळी सामानं! ब्रॉडगेजची क्रेन मीटरगेजच्या काहीच कामाची नाही.

जुना_सीअँडडब्लू
बरोबर. म्हणून जॅकवाल्याला मान जास्त होता. जॅकला गेज नसतं.

स्पष्टच_बोलतो
रेल्वे_क्वार्टर्सची ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा गप्प बसलो होतो. माणसांच्या आठवणी जपायला माझा विरोध नाहीच. लोखंडाला आहे. आणि एक मुद्दा कुणीच काढला नाही, रेल्वे स्वतः हे का दाखवेल? क्रेन दाखवली की प्रश्न येतो, कुठल्या अपघाताला गेली होती? किती मेले? कुठल्या सरकारी खात्याला तो बोर्ड लावायचाय?

वाचनालयात_बसलेला
@स्पष्टच_बोलतो हा या धाग्यातला सगळ्यात चांगला मुद्दा आहे आणि तो तुम्ही काढलात याचं वाईट वाटतंय 😀

मला वाटतं कारणं दोन. एक तुम्ही म्हणता ते. दुसरं, इंजिनाचा शेवट ठळक असतो, शेवटची फेरी, हार, फोटो. ब्रॉडगेजवर वाफेची रोजची गाडी १९९५ ला संपली तेव्हा केवढी बातमी झाली. क्रेन मात्र नवी आली तरी असू दे म्हणून राखीव ठेवतात, मग राखीवची पण राखीव होते, आणि एक दिवस स्टोअर्सच्या लिलावाच्या यादीत एका ओळीत निघून जाते. निरोप कुणी द्यायचा?

लोकोलाईनचा_नातू
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. काका, कार्डावर नंबर आहे पण अर्धा पुसलाय. पान्यावर मात्र स्पष्ट ठसा आहे, एससीआर. आणि हातदिव्यावर जीआयपी. आजोबा तर सेंट्रल रेल्वेत होते ना? एससीआर कुठून आलं?

वाचनालयात_बसलेला
अरे हे तर सोलापूरकरांनाच माहीत नसतं. आपली डिव्हिजन २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वेत (साउथ सेंट्रल, तेच एससीआर) गेली होती, सिकंदराबादच्या हाताखाली. २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत आली. म्हणजे तुमचा पाना सोलापुरातच घेतलेला असेल तर त्या अकरा वर्षांतला. आणि जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, दिवा ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. एका पेटीत डिव्हिजनचा अख्खा इतिहास.

होटगी_जंक्शन
हे ठसे वाचायचं ज्ञान कुठेतरी एकत्र लिहून ठेवा राव.

काळा_कोटवाला
विषय रंगात आलाय पण वकील म्हणून एक सावधगिरी. ठसा असलेला पाना आणि दिवा ही रेल्वेची मालमत्ता धरली जाऊ शकते. रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवण्याविरुद्ध १९६६ चाच कायदा आहे, आणि वस्तू रीतसर मिळाली हे ज्याच्याकडे सापडली त्यानेच दाखवायचं असतं. आजोबांना निरोप समारंभात दिल्याचा कागद, लिलावाची पावती असं काही असेल तर पेटीतच शोधा. वही, फोटो हे घरचं, त्याला काही अडचण नाही.

उगाच_आपलं
म्हणजे पाना मागणाऱ्या आयडीचा आणि माझा काही संबंध नाही. माझा आयडी हॅक झाला होता.

काळा_कोटवाला
@उगाच_आपलं बुलेटची चावी पण जप्त होईल 😄

सिरियसली, घाबरायचं काही नाही. साधं पत्र लिहा, की आजोबांच्या मागे या वस्तू मिळाल्या, डिव्हिजनच्या हेरिटेज संग्रहासाठी द्यायच्या आहेत, यादी आणि फोटो जोडा, पोच घ्या. देताना असंही लिहा की वस्तूंसोबत आजोबांचं नाव आणि हुद्दा लागला पाहिजे.

दफ्तरदार_ताई
मी जुन्या कागदपत्रांचं काम करते. वहीबद्दल हात जोडून सांगते. लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सोलापूरच्या उन्हात आत दमटपणा धरतो. पानांवर नंबर घालायचेच तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. आधी स्कॅन, कोरी पानं आणि कव्हरसुद्धा. फोटोच्या मागे काही लिहिलंय का ते बघा, आणि फोटोतल्या माणसांची नावं आत्ता विचारून घ्या, ओळखणारे अजून आहेत तोवर.

वस्तू द्यायच्या म्हणाल तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे म्युझियम आहे १९७७ पासूनचं, जवळ पायजे तर हुबळीला २०२० मध्ये झालंय. पण माझं मत, मूळ वही घरी किंवा सोलापुरात राहू दे, स्कॅन सगळ्यांना द्या. लांबच्या मोठ्या संस्थेत एक वही गेली की ती एका खोक्यातली एक वही होते. इथे ती वाचणारा माणूस आहे, वर काकांनी न बघता सांगितलं पॅकिंगबद्दल.

स्पष्टच_बोलतो
हे मला पटलं. शंभर टन नको, वही पायजे. आणि काकांसारख्यांना कॅमेऱ्यासमोर बसवा, पॅकिंग कसं रचतात ते हाताने करून दाखवू दे. लोखंडाच्या निम्म्या पैशात होईल. निम्म्या कसलं, फुकट.

जुना_सीअँडडब्लू
दोन्ही लागतं हो. कॅमेऱ्यासमोर मी स्लीपर रचून दाखवीन पण साखळी कुठल्या कोनात ताणते ते साखळी नसली तर कसं दाखवू? निदान एक टूल व्हॅन पूर्ण ठेवा एवढंच म्हणणं. क्रेन एखादी कुठेतरी राहीलच, दिसायला मोठी असल्यामुळे तिला वाली मिळतो. ट्रॅव्हर्सिंग जॅकला कोण विचारतो? तो उचलायचा आणि मग स्क्रूवर आडवा सरकवायचा, इंच इंच. डबा रुळावर खरं तर तोच बसवायचा.

आता तर आपल्या सगळ्या लाईनवर २५ हजार व्होल्टची वायर आहे. जिब वर करायचा म्हणजे आधी लाईट बंद करायची, टॉवर वॅगन (वायरवर काम करायची गाडी) आणायची, वायर बाजूला घ्यायची. डबल लाईनवर क्रेन फिरवली की तिची मागची बाजू शेजारच्या लाईनवर जाते म्हणून तीही बंद. त्यापेक्षा खालून हायड्रॉलिक जॅकने सरकवणं बरं पडतं. म्हणजे फिरून जॅकवरच आलो.

रेल्वे_क्वार्टर्सची
काका, खालून सरकवायचं सामान म्हणजे एमएफडी ना? वडील तेच नाव घ्यायचे.

जुना_सीअँडडब्लू
हो, जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या माशिनेनफाब्रीक डॉईचलांड कंपनीचं. कंपनीचं नावच सामानाला पडलं. तुझे वडील कुठल्या काळात होते? ओळखीचे निघतील.

रेल्वे_क्वार्टर्सची
व्यनि करते काका.

लोकोलाईनचा_नातू
ठरलं. पाना आणि दिवा पत्र लिहून देणार, वही स्कॅन करून इथेच टप्प्याटप्प्याने टाकतो. ताई, स्कॅनर माझ्या ऑफिसात आहे, पण तो दाबून बसवायचा आहे, वहीची शिलाई सैल आहे. चालेल का?

काका एका पानावर लिहिलंय, "जिब वाडीकडे, गाडी दौंडकडे, फिरवून घ्यावी लागली, तीन तास गेले." याचा अर्थ काय?

दफ्तरदार_ताई
दाबू नका! वरून मोबाईलने फोटो काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. वही अर्धीच उघडा, खाली दोन्हीकडे उशी द्या.

जुना_सीअँडडब्लू
अर्थ सोपा आहे. क्रेनचं तोंड अपघाताच्या बाजूला पायजे. गाडीत लावताना जिब वाडी जंक्शनकडे होता, अपघात उलट्या बाजूला, दौंडकडे. म्हणजे क्रेन पोचली ती पाठमोरी. मधे बाकीचे डबे, त्यामुळे आधी शंटिंग करून क्रेन पुढे काढायची, जागा मिळेल तिथे वरचा भाग फिरवायचा. शेजारची लाईन बंद मिळेपर्यंत फिरवता येत नाही, तीन तास तिथेच गेले असणार. याच्यावरून मागे चौकशी पण लागायची, गाडी कुणी लावली म्हणून.

त्या पानावर तारीख आणि स्टेशन आहे का बघ. आणि पुढचं पान आधी टाक, चौकशीत आजोबांनी काय उत्तर दिलं ते लिहिलं असेल.

लोकोलाईनचा_नातू
तारीख आहे, स्टेशनचं नाव खोडलंय. पुढच्या पानावर एकच ओळ. "साहेबांना सांगितले, गाडी मी लावली नाही, मी फक्त उचलतो."

उगाच_आपलं
आजोबा 🙏 हे तर टी-शर्टवर पायजे.